पुढचा पाय

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. युसुफला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही युसुफला ओळखत नाही. दुसरं काही कारण नाही.

ऐंशीच्या दशकातलं कोल्हापूर. युसुफच्या वडिलांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर आम्ही तिघं मिळून एक व्हिडिओ गेम बनवत होतो. कुस्तीचा — कोल्हापुरात दुसरा कसला बनवणार? कॉम्प्युटर युसुफच्या मामाने दुबईहून बॅगेत घालून आणलेला. वहीएवढा, रबरी बटणांचा, घरच्या टीव्हीला जोडायचा. लोक ज्या कॅसेटवर गाणी भरायचे, त्याच कॅसेटवर आम्ही प्रोग्रॅम भरायचो. प्रोग्रॅम युसुफचा. चित्रं त्याच्या बहिणीची, नसीमची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट काळी करत ती पैलवान उभा करायची. तिने कुस्ती कधी बघितली नव्हती — मुलीला तालमीत कोण घेणार? मग ती आम्हा दोघांना झुंजायला लावायची आणि "थांबा, असंच ऱ्हावा!" म्हणून तासभर अवघडवून ठेवायची. माझं काम खेळायच्या दांड्यांचं. वडिलांच्या कारखान्यात लेथ होतं, त्यावर मी दोन लोखंडी दांड्या काढल्या होत्या. हल्ली त्याला जॉयस्टिक म्हणतात.

ज्या दिवशी दांडी हलवली आणि पडद्यावरच्या काळ्या गड्याने शड्डू ठोकला, त्या दिवशी आम्ही तिघांनी आळीपाळीने ती दांडी पुन्हा पुन्हा हलवून बघितली. शेवटी नसीम म्हणाली, "जित्ता हाय की ह्यो!" हसू नका. आम्हाला खरंच तसं वाटलं होतं. लेथवर मी रोज लोखंड कातत होतो, पण माझ्या हाताने काहीतरी जिवंत हलतंय असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

आधी हा खेळ दोघांचा होता, एक दांडी तुमची, एक माझी. मग युसुफने ठरवलं, समोरचा पैलवान मशीननेच खेळवायचा. आणि खेळवला! दुसऱ्या दांडीला कुणाचा हात नाही आणि तरी गडी आपणहून चालून येतोय — मी खुर्ची मागे सरकवली. पण गडी होता बावळट. समोर पाय दिसला की धरायला वाकायचा आणि पडायचा. दर वेळी तसाच.

आता मला वस्तादांबद्दल सांगायला हवं. टाळत होतो खरं तर.

लहानपणी मी त्यांच्या तालमीत जायचो. नव्या पोराला जोखायची त्यांची एक रीत होती. स्वतः मातीत उतरायचे आणि पुढचा पाय मुद्दाम मोकळा सोडायचे. हावरट पोरगं तो धरायला वाकलं की आपटलंच. दोनदा आपटून तिसऱ्यांदा जे पोरगं पुढच्या पायाला वाकल्याचं नुसतं दाखवायचं आणि मागचा पाय धरायचं, त्याच्या पाठीवर त्यांचा हात पडायचा. "शाबास. शिकला रं ह्यो." बस्स, एवढंच. त्या एवढ्यासाठी पोरं जीव टाकायची. मी तिसऱ्यांदाही पुढचाच पाय धरला. चौथ्यांदाही. वस्ताद म्हणाले, "तुझ्या डोस्क्यात माती हाय. ती अंगाला लावत जा." सगळी तालीम हसली. मी परत गेलो नाही.

युसुफचा हट्ट होता की वस्तादांनी बघितल्याशिवाय खेळ बाहेर काढायचा नाही. विद्या त्यांची, तर परवानगीही त्यांचीच. म्हणून एका संध्याकाळी त्यांना धरून माडीवर आणलं. टीव्हीची वायर ढिली होती, ती धरून मी टेबलाच्या कडेला बसलो. दुसरी दांडी टेबलाखाली लोंबत होती. ती हलवली की मशीन आपलं डोकं बाजूला ठेवून दांडीचं ऐकायचं — दांड्या तपासण्यापुरती तशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली होती. युसुफने सकाळी विचारलं होतं, ती ओळ काढलीस ना? मी काढली म्हणालो होतो. विसरलो होतो का? नाही. का ठेवली? मला माहीत नव्हतं — की होतं?

वस्तादांनी दांडी हातात घेतली. आधी पायताण काढलं, आखाड्यात मातीला लावतात तसा दांडीला हात लावून कपाळाला टेकवला, मग बसले. आणि त्यांनी काय करावं? पुढचा पाय मोकळा सोडला. आमचा गडी वाकला आणि पडला. पुन्हा पाय सोडला, पुन्हा पडला. वस्तादांनी सुस्कारा टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यो बी तुझ्यावरच गेलाय की रं."

त्यांना मी आठवत होतो. इतक्या वर्षांनी, तेवढ्यासाठीच आठवत होतो.

माझा हात टेबलाखाली गेला. तिसऱ्यांदा त्यांनी पाय सोडला तेव्हा मी थांबलो. वाकल्यासारखं केलं. आणि मागचा पाय धरला. पडद्यावरचा वस्तादांचा पैलवान चितपट झाला.

वस्ताद उठले. पोराच्या पाठीवर ठेवावा तसा टीव्हीवर हात ठेवला. "शाबास," ते म्हणाले, "शिकला रं ह्यो." युसुफ ढसाढसा रडला. आणि मी? ज्या शब्दांसाठी बालपणापासून झुरलो ते शब्द माझ्यापासून हातभर अंतरावर एका खोक्याला मिळाले. मी वायर धरून बसून राहिलो.

युसुफचा खेळ वाचवायला केलं असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नाही. मला ती शाबासकी हवी होती.

ओळ मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप काढली. गडी पुन्हा पहिल्यासारखाच पडू लागला आणि युसुफ शोधायला बसला — आपण मशीनला असं काय लिहून ठेवलंय की ते शिकलं? "माझ्याच हातनं झालंय, पर कसं झालंय ते मलाच ठावं न्हाय," म्हणायचा. मामाने दुबईत नोकरी बघितली होती, ती त्याने नाकारली. वर्षं गेली. वस्ताद तालमीत सांगत सुटले की युसुफच्या माडीवर आपला शेवटचा पठ्ठ्या आहे. तसं सांगतच ते गेले. युसुफ मोडायचा, नव्याने लिहायचा. एक शब्द पुरे होता माझा. रोज त्याच माडीवर मी चहा पीत होतो.

मग एका दुपारी मी खेळत होतो, युसुफ शेजारी बसून बघत होता. नसीम खिडकीशी बसून नव्या पैलवानाच्या चौकटी भरत होती. दुसरी दांडी मी कधीच भंगारात टाकली होती. पडलास कुठे ते विसरू नकोस, असं काहीतरी युसुफने मशीनला लिहून दिलं होतं. मी पुढचा पाय सोडला. गडी पडला. पुन्हा सोडला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा —

गडी थांबला.

देवाशपथ, थांबला. मग वाकल्यासारखं केलं आणि माझा मागचा पाय धरला. कुणाचाही हात नव्हता. दांडी माझ्या हातातून सुटली. वाळूपासून बनलेली चिप, तार आणि युसुफचं डोकं — त्यातून कुणीतरी शिकलं होतं. अख्ख्या कोल्हापुरात पहिल्यांदा. त्याहून मोठं काही मी जन्मात बघितलेलं नाही.

मी युसुफकडे वळलो. तो नुसता हसला. थकलेला माणूस हसतो तसा. "आलं बघ परत," म्हणाला आणि चहा सांगायला खाली गेला.

परत! त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण त्याच्यासमोर घडला आणि त्याला तो जुनाच वाटला, कारण त्याची नक्कल मी आधीच करून ठेवली होती. हे पहिलं आहे युसुफ, हेच खरं आहे, आणि ते तू केलंयस — एवढं म्हणायला मला काय झालं होतं? तो चहा घेऊन वर आला. मी म्हणालो, "व्हय. आलं परत."

वस्ताद आले होते त्या संध्याकाळची गोष्ट युसुफ अजून दुकानात येईल त्याला सांगतो. त्या दुपारची कुणालाच सांगत नाही.