मापाचं ब्लाऊज खोटं बोलतं

शकुताईंना मापाचं ब्लाऊज अजिबात चालत नसे. नव्या कापडाबरोबर आपण छान बसणारं जुनं ब्लाऊज द्यायला गेलो, की त्या ते दोन बोटांत धरून उजेडात बघत आणि परत आपल्याच पिशवीत कोंबत. "मापाचं ब्लाऊज खोटं बोलतं," त्या म्हणत. "मागल्या साली तू कशी होती ते सांगतं ते. आज कशी हाय ते टेप सांगंल. हो पडद्याआड." पंधरा दिवसांपूर्वीच माप दिलेलं असलं तरी हात पसरून उभं राहावंच लागे.

नाशिकला सिडकोतल्या आमच्या गल्लीत, पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. एक मशीन, एक आरसा आणि जुन्या साडीचा पडदा. माहेर सिन्नरकडच्या खेड्यातलं, नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी सिन्नरलाच दिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ऐटीत सांगितलं होतं, "कंबर अठ्ठावीस." त्यांनी टेप लावली, एकोणतीस भरली. त्यांनी नुसतं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मी त्यांना आकडा सांगायच्या भानगडीत पडले नाही.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानदार म्हणाला कापड आटणार नाही, की ते हमखास बादलीत बुडणार. एखादी बाई म्हणाली, "शकुताई, शपथ, पूर्ण एक मीटर आहे हो," की त्यांचा हात लगेच मीटरपट्टीकडे जाई. "शपथ घातली की मी पट्टी लावते. खऱ्याला शपथ लागत नाय." फोनवर त्या बोलत नसत, कारण समोरचा तोंड कसं करतोय ते दिसत नाही. माझं नि त्यांचं जमलं ते याचमुळे. मी शाळेच्या ऑफिसात दाखले तपासते, खाडाखोड शोधणं हीच माझी भाकरी. संशय हा माझाही जुना आजार.

मापांसाठी त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक बाईला एक पान. वर नाव, खाली तारखा आणि मापं. वही टेबलावर पडलेली असे आणि आमच्या सासूबाई फॉल-पिकोला गेल्या की ती हमखास चाळत. "अगं बाई, पाटीलबाईंची कंबर चाळीस!" असं घरी येऊन सांगण्यात त्यांना भारी सुख होतं. मला त्यात काही गैर वाटत नसे, कारण माझी कंबर चाळीस नव्हती.

मनू चार वर्षांची झाली आणि सासूबाईंनी दुसऱ्या नातवंडाचा धोशा लावला. मला एवढ्यात नको होतं. कधी हवं होतं का, तेही ठाऊक नव्हतं. महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते पटलं. तोच मला स्कूटरवर घेऊन गेला आणि मी तांबी, ती कॉपर-टी, बसवून घेतली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्याला म्हटलं, "आईंना यातलं अक्षर कळता कामा नये." तो म्हणाला, "मनूची शपथ, नाही सांगणार." माझा जीव भांड्यात पडला. दुनियाभरच्या दाखल्यांवर शंका घेणारी मी, माझा संशय घरात मात्र चप्पल काढून झोपत असे.

पुढचे महिने वाईट गेले. चार दिवसांत उरकणारी पाळी नऊ नऊ दिवस चालायला लागली. ओटीपोटात पिळवटून यायचं. शाळेत गडद साड्याच नेसायच्या, खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून पाहायचं, ऑफिसातल्या दोन पुरुषांसमोर हसऱ्या तोंडानं बसायचं. घरी दोरीवर वाळणाऱ्या परकरांकडे सासूबाई बघतात असं वाटायचं. अन्न तोंडात फिरायचं. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी बसवताना सांगितलं होतं की पहिले काही महिने जास्त जाऊ शकतं, पण 'जास्त' म्हणजे किती हे मला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

अशात चुलतदिराचं लग्न निघालं म्हणून मी ब्लाऊज शिवायला गेले. शकुताईंनी कंबरेला टेप लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.

"तीन महिन्यांत दीड इंच. काय चाललंय?"

"डाएट करतेय."

"घे शपथ."

त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली. "पांढरी फटक हाय. किती दिवस जातंय अंगावरून?"

पडद्याआड, हात पसरलेल्या अवस्थेतच मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. सासूबाईंना कळता कामा नये हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काढ ती. तांबी वर चढती. आमच्या गावात एकीच्या पार छातीत गेली हुती."

"तुम्ही पाहिलीत?"

"नाय."

"मग?"

त्यांना स्वतःचंच हसू आलं. "म्हंजे हे मापाचं ब्लाऊजच की! खरंय. मंग डॉक्टरणीकडं जा. अन् ती काय म्हनली ते सांगू नको, कागद आणून दाखव."

मी गेले. मॅडमनी तपासलं. तांबी जागच्या जागी होती, धागा नीट होता, जंतुसंसर्ग नव्हता. रक्त मात्र कमी झालं होतं. लोहाच्या गोळ्या, पाळीत घ्यायच्या गोळ्या, आणि, "दोन-तीन पाळ्या वाट पाहू शकता. नको असेल तर आजही काढते. तुम्ही ठरवा." मी वाट पाहायचं ठरवलं. कागदाच्या मागे मॅडमनी बाकीचे मार्ग लिहून दिले होते. तो कागद शकुताईंनी मला मोठ्यानं वाचायला लावला आणि एकेका मार्गाला टेप लावत गेल्या.

रोजची गोळी? "तू रोज घेशील? शिवून पडलेलं ब्लाऊज न्यायची तीन आठवडे आठवण होत नाय तुला."

तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन? "पाळी पुढंमागं हुईल असं लिवलंय ना? मंग दर महिन्याला दिवस गेले का काय म्हणून जीव टांगून बसशील. तुझा सोभाव मला म्हाईत हाय."

हार्मोनची तांबी, जिच्यानं रक्त कमी जातं? "महाग हाय. अन् तुझ्या मनात तांबीची भीती बसली ती बसली."

निरोध? इथे त्या जरा अडखळल्या. "महेश चांगला पोरगा हाय. पण पुरुषाच्या शब्दावर मी कापड कापत नाय."

"मग मी करू काय?" मी वैतागून विचारलं.

"ते मी कशाला सांगू? अंग तुझं. माप घ्यायचं काम माझं, फॅशन गिऱ्हाइकानं सांगायची."

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं, सकाळी मी डबे भरत असताना, सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "वैशाली, ती तांबी काढून टाक बाई. अंगात तांबं ठेवलं की रक्त जायचंच. काढ, आणि घरात दुसरं लेकरू येऊ दे."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बायकांना कळतात बायकांच्या गोष्टी," त्या म्हणाल्या. "बोलणार नव्हते. पण तुझा चेहरा बघवेना." आणि परत मेथीत डोकं घातलं.

मला खाडाखोड शोधायला फार वेळ लागला नाही. तांबीचं तिघांना ठाऊक होतं. मॅडम सासूबाईंना ओळखत नव्हत्या. महेशनं मनूची शपथ घेतली होती. उरल्या शकुताई, आणि आदल्याच दिवशी सासूबाई त्यांच्याकडे फॉल लावायला जाऊन तासभर बसून आल्या होत्या. मी शाळेतून परस्पर दुकानात गेले. दोन बायका स्टुलावर बसल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "माझं कापड परत द्या."

"का गं? खडूनं आखलं हाय मी."

"ज्यांच्याकडे गोष्ट राहत नाही, त्यांच्याकडे कापड कशाला ठेवायचं?"

मशीन थांबलं. मला वाटलं आता त्या आरडाओरडा करतील, देवाधर्माच्या शपथा घेतील. त्यांनी कापडाची खडूच्या रेषेवर नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "संशय चांगला," त्या म्हणाल्या. "पण घरापासून सुरुवात करावी. गल्लीत नंतर यावं." मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला. लग्नाला मी तयार ब्लाऊज घेतलं, आणि ते काखेत काचत होतं.

रक्त काही थांबलं नाही. गोळ्यांनी एका पाळीत बरं वाटलं, पुढच्या पाळीत पुन्हा तेच. शाळेचा जिना चढताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून खाली बसले. सांगावं असं कोणी नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर दुसऱ्या लेकराचं तुणतुणं, महेशला सांगितलं तर "काढून टाक ना मग," आणि जिच्याकडे जाऊन रडावं तिचं दार मीच बंद केलेलं. शेवटी ठरवलं. मॅडमनी दोन मिनिटांत तांबी काढली आणि ट्रेमध्ये दाखवली. करंगळीच्या दोन पेरांएवढी, तार गुंडाळलेली, इवलीशी. मला आधी शकुताईच आठवल्या. त्यांनी नक्की ती टेपनं मोजली असती.

परतताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली आणि महेश मान न वळवता म्हणाला, "बरं झालं. मी आईला तेव्हाच म्हणालो होतो, त्रास झाला तर काढून टाकू."

"तेव्हाच म्हणजे?"

"म्हणजे... बसवली त्या आठवड्यात. सारखी मागे लागली होती गं. तुला बोलून दाखवू नको असंही सांगितलं होतं तिला. आईपासून किती दिवस लपवायचं?"

"तू मनूची शपथ घेतली होतीस."

"अगं, ती आपली बोलायची रीत." सिग्नल सुटला. "आता तू काळजी करू नकोस. पुढचं सगळं माझ्यावर सोड."

मी त्याच्या पाठीकडे बघत बसले. मला राग यायला हवा होता, तोही आला, पण आधी आली ती स्वतःची लाज. दोन परक्या बायकांसमोर मी शकुताईंना चोर ठरवलं होतं. आणि मग लख्ख कळलं की त्या गप्प का राहिल्या. "मी तांबीचं कोणाला सांगितलं नाही," एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या, तरी माझी तांबी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली असती.

महेशवर काही सोडायचं नाही, एवढं मात्र मी त्याच सिग्नलवर ठरवलं. दुसऱ्या दिवशी एकटीच मॅडमकडे गेले आणि रोजच्या गोळ्या लिहून घेतल्या. पाळीला रक्तही कमी जाईल, म्हणजे अंगात जरा भरेल, असं त्या म्हणाल्या. फक्त विसरायचं नाही. तिथून तशीच शकुताईंकडे गेले.

मशीनला चादर गुंडाळलेली होती. सुई ओवता येईना म्हणून लेक त्यांना कायमची सिन्नरला न्यायला आली होती, रविवारी टेम्पो यायचा होता. मी दारातच म्हटलं, "माझं चुकलं. महेशनंच सांगितलं होतं."

"म्हाईत हाय मला."

"कसं?"

"तुझ्या सासूनंच सांगितलं. तू भांडायला आली त्याच्या महिनाभर आधी. म्हनली, पोरगा बोललाय पण सुनेला कळू देऊ नका."

मी थक्क झाले. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझं तिला सांगितलं नाय," त्या म्हणाल्या, "तर तिचं तुला कसं सांगू?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. "राहू दे" किंवा "माफ केलं" असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. टेप मात्र अजून गळ्यात होती. "उठ. हात पसर." आकडा दिसेना म्हणून त्यांनी टेप खिडकीच्या उजेडात नेली. "साडेसव्वीस. लय भरायचं हाय अजून. आता काय ठरवलं?"

मी गोळ्यांचं सांगितलं. "आठवणीवर ठेवू नको," त्या लगेच म्हणाल्या. "तुझी आठवण मी पाह्यलीय. दात घासायच्या बरशीला पाकीट बांध."

निघताना त्यांनी वहीतलं एक पान फाडून, घडी करून माझ्या हातात दिलं. बाकीची वही बंबात घालणार होत्या. लोकांच्या कंबरा मागे सोडून जाणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

घरी येऊन पान उघडलं. वर माझं नावच नव्हतं. 'घोटीची पाहुणी' असं लिहिलं होतं. दिसत नाही म्हणून दुसरीचंच पान दिलं असं मला वाटलं. मग तारीख पाहिली. पहिली तारीख, मी पडद्याआड रडले त्या दिवसाची. मापंही माझीच, छाती, खांदा, कंबर. सासूबाई वही चाळतात, सुनेची कंबर दीड इंचानं उतरलेली त्यांना दिसली असती, म्हणून शकुताईंनी त्याच दिवशी मला वहीतून उठवून घोटीची करून टाकलं होतं. त्यांच्याकडे गोष्ट राहत नाही असं मी म्हणाले, तेव्हा हे पान त्यांच्या हाताशी टेबलावरच पडलेलं होतं. ते त्या तेव्हा दाखवू शकल्या असत्या.

ते पान मी आता कपाटात, गोळ्यांच्या जादा पाकिटांखाली ठेवते. परवा महेश काहीतरी शोधत होता, त्याच्या हाती ते लागलं.

"हे कसलं गं?"

"घोटीच्या पाहुणीचं माप आहे."

"कोण पाहुणी?"

"तू नाही ओळखत तिला," मी म्हटलं, आणि पान त्याच्या हातातून काढून घेतलं.