अजून जुनं दिसत नाही

"अजून जुनं दिसत नाही," असं म्हणत ते खुर्चीच्या पाठीवरून अंगठा फिरवायचे. खुर्ची नवी कोरी, आठवड्यापूर्वीच खोक्यातून निघालेली. अंगठा फिरवून झाला की दोन पावलं मागे सरकायचे, डोळे बारीक करून बघायचे, नापसंतीनं मान हलवायचे आणि खाली बसून पुन्हा पॉलिश पेपर घासायला लागायचे. सिंगापूरला, वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, पन्नाशीचा एक सभ्य माणूस चांगल्या वस्तूचा रंग खरवडतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा याचं काहीतरी बिनसलंय अशी माझी खात्री झाली.

ते आमच्यापासून दोन दारं सोडून राहायचे. एका बँकेत अकाउंट्समध्ये होते. मूळचे पुण्याचे, त्यामुळे ओळख व्हायला लिफ्टमधला एक "मराठी का?" पुरला. मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणायला लागले.

"वहिनी, घर फार्महाऊस स्टाइलचं करतोय," त्यांनी सांगितलं.

आता आपल्याला फार्महाऊस म्हणजे काय ठाऊक असतं? मुळशीकडे कुठेतरी जागा, चार आंब्याची झाडं, आणि शनिवारी डबे भरून निघालेली गाडी. यांचं फार्महाऊस परदेशी टीव्हीवरचं. भिंतींना पांढऱ्या लाकडी पट्ट्या, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे, काचेच्या बरण्यांत सोडलेले दिवे, आणि बेडरूमला रुळावरून सरकणारं, थेट गोठ्याला शोभेल असं दार. माझा नवरा ते दार तीनदा इकडून तिकडे सरकवून म्हणाला, "सगळं झकास आहे हो. गाय लिफ्टमध्ये मावेल ना?" सगळ्यात जास्त हसले ते स्वतः. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "आमच्या हिची आवड आहे."

ही त्यांची ही पुण्यात होती. मुलगाही. ते का, हे ते कुणी न विचारताच सांगत, आणि दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत. तिघंही इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी होते. मुलगा मोठा व्हायला लागला तशी त्याला इथल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागणार, ही काळजी सुरू झाली. त्या काळात आपल्या कितीतरी घरांत जेवणानंतर हाच विषय निघायचा. शेवटी यांनी मुलाची पीआर सोडली आणि बायको त्याला घेऊन पुण्याला गेली. तिथं शाळा, मग इंजिनिअरिंग. ते झालं की मुलगा नोकरीसाठी परत सिंगापूरला येणार, त्याच्यामागून आई येणार आणि तिघं पुन्हा एका घरात राहणार, असा बेत होता. सोडून गेलेल्या मुलाला इथं पुन्हा पाय ठेवणं अवघड जातं, असं कुणीकुणी तेव्हाच म्हटलं होतं. "पण आपल्या मुलाला नाही जाणार, असंच वाटतं ना हो प्रत्येकाला?" ते म्हणायचे.

ती जायच्या आधी दोघं संध्याकाळी टीव्हीवर घरं सजवण्याचे कार्यक्रम बघायचे. असल्याच एका पांढऱ्या घराकडे बघून ती म्हणाली होती, "असं घर हवं बाई आपलं." मी त्यांना पाहिलं ते २०१५च्या सुमाराला, मुलाचं शेवटचं वर्ष सुरू असताना. तो यायच्या आत हे घर तयार व्हायला हवं होतं.

एकदा मी न राहवून विचारलं, "अहो, पण नवी खुर्ची खरवडायची कशाला?"

त्यांना असं विचारलेलं फार आवडायचं. चष्मा सारखा करून म्हणाले, "फार्महाऊसमधलं सामान माणसांनी वापरलेलं दिसलं पाहिजे, वहिनी. कुठंही घासून चालत नाही. जिथं हात पडतो तिथलाच रंग जायला हवा. हे बघा, ही हिची खुर्ची. उठताना ती नेहमी डावा हात इथं टेकते." तिथं रंग गेलेला होता. "आणि ही मुलाची. तो पाय या आडव्या दांडीत अडकवून बसतो." तिथलाही रंग गेला होता. मुलगा पुण्याला गेला तेव्हा सातवी-आठवीत होता. आता सहा फुटांच्या झालेल्या त्या मुलाचे पाय त्या दांडीत कसे मावणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहा प्यायले.

खुर्च्या चार होत्या. तिसरी पाहुण्यांची, म्हणजे बहुतेक माझीच. तिला त्यांनी कडेकडेनं थोडं घासलं होतं. चौथीवर ते स्वतः बसायचे. तिच्याकडे मात्र त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. नुकती खोक्यातून काढल्यासारखी ती पांढरीशुभ्र होती.

आमच्या दोघांच्या मधल्या एका घरात चिनी आंटी राहायची. कॉरिडॉरमधल्या भुकटीनं ती वैतागली होती, पण मनानं उदार. एके दिवशी तिची सून जुनं कपाट टाकायला निघाली, तर आंटीनं ते ढकलत यांच्या दारात आणलं. "यू लाइक ओल्ड वन, टेक लाह! धिस वन रिअली ओल्ड." ते संकोचले, तिचे दहादा आभार मानले, आणि कपाट काही घेतलं नाही. माझी मुलगीसुद्धा म्हणाली, "अंकल, सो नाइस, व्हाय डोन्ट वॉन्ट?"

मला मागाहून म्हणाले, "ते दुसऱ्याचं जुनं आहे, वहिनी."

मुलगा इंजिनिअर झाला. इथं त्याला एका कंपनीनं पसंत केलं, पण सरकारकडून कामाचा पास मिळाला नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हाही नाही. मग तो जर्मनीला गेला. ही बातमी त्यांनी मला लिफ्टची वाट बघता बघता सांगितली. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, आणि आम्ही दोघंही आत शिरलो नाही. "चांगली नोकरी आहे," ते म्हणाले. "तिकडं थंडी फार असते." त्या रविवारीही घासण्याचा आवाज येत होताच. मला तो ऐकवेना, म्हणून मी मुलीला घेऊन बाहेर पडले.

त्यानंतरच्या दिवाळीत त्यांच्या पत्नी आठवडाभर आल्या. मी फराळाचा डबा घेऊन गेले. बाई अगदी लाघवी, हसऱ्या, बोलक्या. मला त्यांनी ओढून बसवलं, घरभर नजर फिरवली आणि माझ्यासमोरच लाडिक रागानं त्यांना म्हणाल्या, "काय हो, एकटे राहता म्हणून सगळं सेकंडहँड सामान भरायचं? नवं मिळत नाही का इथं? बघा ना वहिनी, एक खुर्ची धड नाही." बोलता बोलता त्या उठल्या, आणि उठताना त्यांनी उजवा हात टेकला.

मी त्यांच्या नवऱ्याकडे बघायचं टाळलं. ते म्हणाले, "हो. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं."

बाईंनी जायच्या आधी बाजारातून गुलाबांच्या फुलांचं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ आणलं आणि टेबल झाकून टाकलं. ते यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. पॉलिश पेपरचा आवाज मात्र बंद झाला. आंटीनं दोनदा मला थांबवून विचारलं, "युअर फ्रेंड सिक, आह?" मी नाही म्हटलं.

"तिला आठवत नसेल तो कार्यक्रम," इतकंच ते एकदा बोलले. "खूप वर्षं झाली. तिच्या मागे काय कमी व्याप होते?"

दोनेक वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि ते पुण्याला परत गेले. घेणाऱ्यांना लाकडी पट्ट्याही नको होत्या आणि गोठ्याचं दारही. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "वहिनी, यातली एखादी खुर्ची तुम्ही ठेवा. हिचीच न्या, सगळ्यात छान झालीय."

चारही खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तीन खुर्च्यांवर त्यांची ती कारागिरी होती, जिथल्या तिथं, नेटकी. चौथीच्या पुढच्या कडेचा रंग उडून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. पाठीला जिथं धरून ती रोज मागे ओढली जायची तिथं चार बोटांएवढा भाग गुळगुळीत, तपकिरी झाला होता. मी तीच उचलली.

"अहो, ती नको, ती खराब झालीय," ते घाईनं म्हणाले. "तिचा रंग गेलाय बघा."

आणि दाखवायला म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक करून बघत राहिले. या खेपेला त्यांनी मान हलवली नाही.