पाणी खारं का गोडं?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज दुपारी माझ्या संशोधनातलं प्रोटीन एकदाचं जागेवर बसलं!

त्याचा आकार सुधारावा म्हणून महिनाभर कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये त्याला आभासी पाण्यात सोडत होतो. दर वेळी त्याची एक बाजू उसवायची. माझे गाईड सर म्हणालेले, शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर सोडून दे.

परवा कोपरीच्या घरी आई कोळंबी सोलत बसलेली. तिच्यापुढे माझं रडगाणं गायलो. तिने मान वर न करता विचारलं, "पानी खारं का गोडं?"

शरीरातलं पाणी खारट असतं आणि मी मीठच घातलं नव्हतं!

मीठ घालून पुन्हा प्रोग्रॅम लावला. आज निकाल सांगितला तर म्हणते, "कोळ्याचा पोर ना तू?"

आता सांगा, संशोधनाच्या पेपरात आभार मानताना तिचं नाव सरांच्या आधी लिहू की नंतर?