रोह्याच्या वन्सं आणि ओट्यामागची खिडकी

आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ माझं मलाच कळत नाही आणि अक्षर असं, की कोंबडी अंगणातून फिरून गेल्यासारखं दिसतं. कोणी कधी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. मला लिहायची सवय नाही, पण बोलायची त्याहून नाही, म्हणून लिहिते. लिहायचंय ते आमच्या रोह्याच्या वन्संबद्दल, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल. पेणपासून रोह्यापर्यंत जेवढी घरं आहेत, त्या सगळ्या घरांतला धूर ह्या बाईला ओळखतो असं मी म्हटलं तर कोणाला खोटं वाटेल. पण ज्यांच्या स्वयंपाकघरात वन्सं एकदा येऊन गेल्या, त्यांना ते खोटं वाटणार नाही.

वन्संचे यजमान लवकर गेले. पदरात एक मुलगा होता, म्हणून त्या रोह्याला कंपनीतल्या कामगारांचे डबे करायला लागल्या. शिफ्ट बदलली की वन्संचा स्वयंपाक बदलायचा. सारा जन्म आधी चुलीपुढे आणि मग स्टोपुढे गेला, त्यामुळे धूर हा त्यांचा जुना वैरी, आणि जुन्या वैऱ्याची असते तशी त्यांना त्याची ओढही होती. कोणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी त्या पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढायच्या. देवापुढे लावायला नव्हे. सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, उदबत्ती पेटवून चुलीजवळ धरायची आणि धूर निघाला की त्याच्यामागून चालायचं. हळूहळू, पावलं न वाजवता, मांजर कुठं पिल्लं घालतं ते बघायला जावं तसं. धूर ज्या खोलीत जाईल त्या खोलीत ह्या, मग तिथं घरातले पुरुष झोपलेले असोत नाहीतर पाहुणे बसलेले. एकदा नागोठण्याला त्यांच्या पुतणीसाठी स्थळ बघायला सगळे गेलेले. मुलगा चांगला, घर चांगलं, पोह्यांच्या बशा हातात आलेल्या, आणि वन्सं आत गायब. बाहेर आल्या त्या उदबत्तीसकट. "मुलगा बरा हाय," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पण ह्या घरात धूर सासूच्या खाटेकडं जातो. फोडणी दिली का सासू खोकणार नि सून बोलणी खाणार. आधी भिंतीला भोक पाडा, मग आमची मुलगी मागा." त्या लोकांनी खरंच भोक पाडलं आणि लग्न झालं. सासूसुनेचं पुढे पटलं नाही ते नाहीच. पण वन्संना विचारलं की म्हणायच्या, "आता भांडतात त्या धुरापायी नाय भांडत. तेवढं तरी मी केलं."

आमचं नवं घर उभं राहायला लागलं तेव्हा त्या दर आठवड्याला रोह्याहून यायला लागल्या. आम्ही हमरापूरच्या बाजूला राहतो. जुन्या घरात स्वयंपाकाची जागा मागच्या अंगाला होती, एक काचेचं कौल सोडलं तर उजेड नाही. मी लग्न होऊन खांब गावाहून आले तेव्हापासून माझं तोंड त्या काळ्या भिंतीकडे. बाहेर कोण आलं, कोण गेलं, पाऊस थांबला का, सगळं मला दुसऱ्यांनी सांगितल्यावर कळायचं. भाकरी थापताना मनात एकच यायचं, की हातासमोर एक खिडकी असावी. फार मोठी नको. रस्त्याचा एखादा तुकडा दिसला तरी पुरे, कधी माहेराकडचं कोणी फाट्यावर उतरलं तर आधी मला दिसेल. हे मी कोणाला बोलले नव्हते. ह्यांना सांगायला जीभ रेटली नाही आणि सासूबाईंपुढे तर प्रश्नच नव्हता. घर बांधताना बायकांना कोण विचारतं, आणि विचारलं असतं तरी मी "काही पण चालेल" असंच म्हटलं असतं, हेही खरं.

ह्यांचे पैसे स्लॅब आणि प्लास्टरपर्यंत पुरले. स्वयंपाकघर तसंच ठेवून जुनी चूल नव्या घरात नेऊ, असं ठरत होतं. ते वन्संच्या कानावर गेलं आणि त्या दुसऱ्या दिवशी हजर. "नव्या भिंतीला धूर लावता? लाज नाय वाटत?" त्या ह्यांना म्हणाल्या. "ओट्याचं समदं सामान मी घेते. पण पैसे तुझ्याकडनं नाय घेणार बाबू, हिच्याकडनं घेणार. पापड लाटते ना ती? त्यातनं देईल, जमतील तसे." तोवर माझ्या नावावर काहीच नव्हतं, पहिलं झालं ते हे कर्ज. आणि खरं सांगायचं तर आतून मला जरा बरंही वाटलं.

मग ओट्याची उंची ठरवायचा दिवस आला. गवंडी म्हणाला, सगळ्यांचा असतो तेवढा करतो. वन्संनी मला हात धरून अर्धवट घराच्या मध्यभागी उभं केलं. "थाप भाकरी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पीठ कुठाय?" "पीठ कशाला, हवेत थाप. हात कुठपर्यंत येतात ते बघू दे त्याला." गवंडी, त्याचे दोघे बिगारी आणि वाळू टाकायला आलेला टेम्पोवाला, एवढ्या पुरुषांपुढे मी डोक्यावरचा पदर सावरत हवेत भाकऱ्या थापत होते. "उलट आता," त्या म्हणाल्या. मी उलटली. "जळाली बघ," टेम्पोवाला म्हणाला आणि सगळे हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. पण गवंड्याने माझ्या कोपराखाली विटा रचून खूण केली, आणि आजही ओट्याशी उभी राहिले की पाठ दुखत नाही. त्या साऱ्या घरात माझ्या मापाची वस्तू ती एकच.

खरेदीला आम्ही दोघी पेणच्या बाजारात जायचो. वन्सं रोह्याहून येताना भाकरीचा स्वतःचा मोठा तवा घेऊन यायच्या, कारण शेगडी घ्यायची तर आपल्या तव्यावर बघून घ्यायची. कंडक्टरने एकदा सामानाचं तिकीट मागितलं तर म्हणाल्या, "तवा मांडीवर बसतो, जागा नाय अडवत. मांडीवरल्या पोराला तिकीट घेता काय?" दुकानात गेल्यावर तवा शेगडीवर ठेवायचा, ज्योत कडेपर्यंत जाते का ते वाकून बघायचं, नाही गेली तर तवा काखेला मारून पुढचं दुकान. मिक्सरची तऱ्हा त्याहून न्यारी. डब्यात सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरच्या आणायच्या आणि दुकानदाराला म्हणायचं, "फिरव." एकाने सांगून बघितलं, "आज्जी, ही कंपनी चांगली, सगळे हाच नेतात." "सगळ्यांचा मसाला मी वाटत नाय," म्हणाल्या. त्याने बिचाऱ्याने फिरवलं, भांड्याचं झाकण उघडलं आणि फ्रिज बघायला आलेलं अख्खं कुटुंब शिंकत रस्त्यावर गेलं. वन्संनी चटणीची चव घेतली, मिक्सरच्या पोटाला हात लावून बघितला. "चटणी झ्याक झाली. मिक्सर नको, तापतो." चटणी मात्र त्यांनी कागदात बांधून त्यालाच दिली, भाकरीसंगं खा म्हणून. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे बघत असायची, जणू ह्या बाईंना मी ओळखतच नाही.

पंखा घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा काढायला लावला, हॉटेलात असतो तसला. दुकानदार म्हणाला, घराला एवढा लागत नाही. "तू बोंबील भाजतोस काय रे?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "मग तुला काय कळणार." आणि तो पंखा ओट्याच्या मागच्या भिंतीत, म्हणजे माझी खिडकी मनातल्या मनात जिथं होती बरोब्बर तिथं बसवायचं ठरलं. खिडकीचं नाव मी घेतलंच नव्हतं, तर तक्रार कशाची करणार? वन्संचं म्हणणं, खिडकी असली का वारा येतो, वारा आला का ज्योत हलते. मी मान हलवली. गवंड्याने भोक पाडलं, त्यातून थोडा वेळ उजेड आला, मग पंखा बसला आणि उजेड पात्यांमागे गेला.

पंख्याची परीक्षा घ्यायला वन्संनी रोह्याहून सुके बोंबील आणले. शेगडी पेटवली, बोंबील ज्योतीवर धरले, वर मिरचीची फोडणी दिली आणि पंखा सुरू केला. काय तो पंखा. विमान उडतंय असं वाटलं. घरात वासाचा कण राहिला नाही. वन्संचं तोंड एवढं फुललं की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "गेला," त्या म्हणाल्या, "कुठं गेला बघून येऊ," आणि सवयीने धुराच्या मागून परसात गेल्या. मी मागे.

धूर गेला होता शेजारच्या शेडमध्ये. आमच्याकडे घराघरात गणपती होतात, तसं शेजारचं घरही मूर्तीवाल्यांचं. शेडमध्ये ओळीने गणपती सुकत ठेवलेले आणि त्या घरातले म्हातारे अण्णा डोळ्यांची आखणी करत बसलेले. ते काम ते एकटेच करतात, तेव्हा शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलतही नाही. आमच्या पंख्याचं तोंड बरोबर त्यांच्याकडे. फोडणीचा लोट गेला, अण्णांना शिंक आली आणि काळी रेघ गणपतीच्या डोळ्यातून निघाली ती कानापर्यंत गेली. अण्णांनी ब्रश खाली ठेवला. वास घेतला. आम्हा दोघींकडे बघितलं. रागावले नाहीत. "आक्का," ते म्हणाले, "अजून तो बसलापण नाय पाटावर, नि तुम्ही बोंबील वाढलात."

वन्संनी कान धरले आणि एकेका ओळीपुढे जाऊन हात जोडत राहिल्या, लहान गणपती, मोठे गणपती, अजून रंग न लागलेले पांढरेसुद्धा. अण्णाच शेवटी म्हणाले, "बस करा आता, रेघ पुसून काढीन मी. पंखा तेवढा हलवा." आणि त्यांनी मऊ फडकं घेतलं. घरात आल्यावर वन्सं ओट्याशी टेकून खाली बसल्या. "सगळ्यांच्या घरचा धूर बघितला," त्या म्हणाल्या, "नि माहेरचा कुठं जातो ते बघितलं नाय."

गवंडी आला. पंखा काढून बाजूच्या भिंतीत, वाडीकडे तोंड करून बसवायचं ठरलं. जुन्या भोकातून रस्ता दिसत होता. शेडच्या टोकापलीकडे, फाट्याच्या वडापर्यंत. गवंड्याने घमेल्यात माल कालवला आणि म्हणाला, "हे बुजवून टाकतो."

"बुजवू नका," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ह्यांनी मागे वळून बघितलं. वन्संनीही. "तिथं खिडकी करा," मी म्हटलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"खिडकी हवी होती तुला?" वन्संनी विचारलं.

"व्हय."

"कधीपासनं?"

"आले तेव्हापासनं."

"मी हिला हवेत भाकऱ्या थापायला लावल्या," त्या कोणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाल्या, "नि हिला दिसायला काय हवं ते नाय विचारलं." मग गवंड्याला, "घमेलं उचल. हिच्या डोळ्याच्या उंचीला कर. फळ्या मी देते." आणि मला, "पैसे येगळे हां. खिडकीचे शेवटी द्यायचे." खिडकी झाली तेव्हा त्यांनी उदबत्ती धरून बघितली. पंखा चालू केला की खिडकीतून वारा आत येतो आणि धूर वाडीकडे जातो. ज्योत जराशी हलते. वन्सं म्हणाल्या, "हलू दे."

तेव्हापासून शेजारी रंगकाम सुरू झालं की आमच्याकडे बोंबील बंद. आणि तेव्हापासून पापडांची ऑर्डर पोचली की मी रोह्याला जायला लागले. घरात कोणी अडवायचं नाही, वन्संचे पैसे द्यायचे म्हटल्यावर कोण अडवणार? एकटीने एसटीत बसायचं, खिडकीशी जागा मिळाली तर गडबची दुकानं, नागोठण्याचा पूल बघत जायचं. तोवर त्यांच्या घरी मी कार्याला गेलेली, मांडवात बसून परत आलेली. पैसे द्यायला गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेले. खिडकी नाही. पलीकडची भिंत वन्संच्या दिराची, त्याने भोक पाडू दिलं नाही. छत डांबरासारखं काळं. मी हसून म्हटलं, "इथं उदबत्ती नाय धरलीत कधी?" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि भाकरी उलटली. "इथला धूर कुठं जातो ते ठावं हाय मला," म्हणाल्या.

मी एका वेळी जास्त पैसे दिले की त्या अर्धे परत करायच्या. "एकदम नको देऊस. एकदम दिलेस तर येशील कशाला?" मग दोघी ओट्याएवढ्या जागेत बसून जेवायचो, आणि मी, जी कुणाशी बोलत नाही, ती संध्याकाळच्या गाडीपर्यंत बोलत असायची. माझ्या खिडकीतून काय काय दिसलं ते त्यांना सगळं ऐकायचं असायचं. कोण फाट्यावर उतरलं, वडाला पालवी आली का, अण्णांच्या शेडमधले गणपती टेम्पोत कसे चढवले. ऐकताना त्यांची नजर समोरच्या काळ्या भिंतीवर असायची, जणू तिथंच ते दिसतंय. सामानाचे पैसे फिटले. खिडकीचे राहिले होते. ते मी लांबवत राहिले, त्यांनीही मागितले नाहीत.

मग निरोप आला की मुलाने पनवेलला फ्लॅट घेतलाय, वन्सं तिकडे जातायत. मी गेले. खोली रिकामी झाली होती. भिंतीवर डबे ठेवायची फळी होती तेवढ्याच जागी रंग उरला होता. "तिकडं बटनावर चालणारी चिमणी हाय म्हणे," वन्सं म्हणाल्या. "धूर दिसतच नाय. मग मी करायचं काय गो तिथं?" त्यांनी पिशवीतून उदबत्तीचा अर्धा पुडा काढून माझ्या हातात दिला. "तुझ्या खिडकीत लाव कधीतरी. रस्त्याकडं बघ. मी येताना दिसते का बघ."

आता पनवेलला जाणं मला होत नाही आणि त्यांना जिने उतरणं होत नाही. भाकरी थापताना मी फाट्याकडे बघते. पनवेलहून गाडी येते, माणसं उतरतात, काखेला तवा मारलेलं कोणी नसतं.

रोह्याच्या त्या रिकाम्या खोलीत, त्या शेवटच्या दिवशी, मी पदराच्या गाठीतून खिडकीचे राहिलेले पैसे काढले. देऊ नयेत असं वाटत होतं, पण त्यांनीच हात पुढे केला. न मोजता मुठीत धरले, आणि त्या मुठीवर माझा हातही धरून ठेवला.

"फिटलं गो सगळं," वन्सं म्हणाल्या, आणि गाडीची वेळ होईस्तोवर त्यांनी हात सोडला नाही.