साडूच्या दारातली मोटार

मला मोटार चालवता येत नाही. पण म्हणून ती माझ्या साडूच्या दारात उभी राहावी, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. माझा मेव्हणा रेमंड आखातात नोकरीला निघाला. आपल्या काळ्या मोटारीवर त्याचा एवढा जीव, की विकवेना. त्याला बहिणी दोन, म्हणजे घरात जावई दोन. थोरला मी, वसईत. धाकटा बस्त्याव, आगाशीला. आणि हा पठ्ठ्या मोटार ठेवून गेला बस्त्यावकडे! वर जाताना म्हणाला, "जो माझी गाडी सांभाळेल, तो माझ्या लग्नाच्या वरातीत तिच्यात पुढे बसेल." झालं! त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

बस्त्याव दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की मोटार धुवायचा, सुरू करायचा, आणि एका जागी बसून टायर चपटे होऊ नयेत म्हणून हातभर पुढे न्यायचा, हातभर मागे आणायचा. एवढा प्रवास बघायला सगळी आळी जमायची! आम्ही गेलो की माझी बायको फिलू मला कोपर मारून म्हणायची, "बघा जरा! कित्ती टापटिपीचा माणूस!" (आमच्या संसारात हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.)

त्यात सुकेळ्यांची भर. राजेळी केळी उन्हात वाळवली की सुकेळी होतात, आगाशीत घरोघरी करतात. पण त्या वर्षी मेव्हणी सिसिलची सुकेळी अशी काही झाली, की बाजारात तिचंच नाव! ना माशी बसलेली, ना धुळीचा कण. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा बस्त्याव हसत म्हणाला, "मोटारीत वाळवतो, साडूभाऊ! काचा लावल्या की आत नुसती भट्टी. कावळा नाही, माशी नाही!"

माझा तिळपापड झाला. आधीच मोटार, आणि वर ही सुकेळी!

नाताळात रेमंड रजेवर आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"हे बघ, मला काय त्याचं! पण आगाशीला अर्नाळ्याचा खारा वारा. पत्र्याची चाळण होईल रे."

(आमच्या घरापासून समुद्र त्याहून जवळ होता, पण ते त्यानं विचारलं नाही!)

रेमंड घाबरला. परत जाण्याआधी त्यानं मोटार माझ्या अंगणात आणून लावली. बस्त्याव पडलेल्या चेहऱ्यानं आपल्याकडची दुसरी किल्ली द्यायला आला. मी त्याला चहा पाजला, वर केक खाऊ घातला. इतका गोड मी आयुष्यात कुणाशी वागलो नव्हतो.

आता साडूवर कडी करायची होती. तो रविवारी धुवायचा. मी रोज धुतली. हातभर पुढे-मागे करणं मात्र आलंच. चालवता येत नसल्यामुळे मी पुढून ओढायचो आणि फिलू मागून ढकलायची.

"अहो, यापेक्षा म्हैस परवडली असती! दूध तरी दिलं असतं!"

"गप! बस्त्याव बघतोय असं समज आणि ढकल!"

मे महिन्यात रेमंडचं लग्न ठरलं. त्याच सुमारास पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील घ्यायचे होते. माझ्या डोक्यात वीज चमकली. सुकेळी काय, कुणीही करील! आपण बोंबील वाळवू!

पाचूबंदरची कोळीण टोपली उतरवताना म्हणाली, "दादा, पानी हाय अजून यांच्यात. वाऱ्यावर टांग दोन दिस."

"वारा कशाला? आपल्याकडे मोटार आहे!"

सीटवर गोणपाट अंथरून त्यावर बोंबील पसरले. उरलेले स्टिअरिंगला लटकवले. काचा घट्ट लावल्या. कावळ्यांची काय बिशाद! गावातली मांजरं मात्र टपावर मुक्कामाला आली.

"वास येतोय का गं?" मी विचारलं.

"कसला वास?" फिलू म्हणाली. जन्मभर बोंबील खाल्लेल्या नाकांना तो कसा कळणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी बोंबील काढले, पावडरीचा अख्खा डबा आत उधळला, मोगऱ्याच्या माळा सोडल्या. भाड्यानं आणलेल्या ड्रायव्हरनं चार माणसं लावून मोटार ढकलत सुरू केली. (तो पाचूबंदरचाच, त्यामुळे तोही काही बोलला नाही.)

लग्न लागलं. चर्चच्या दारात बँड वाजत होता. बस्त्याव बघतोय याची खात्री करून घेत मी मोटारीचं दार उघडलं. नवरीबाई मुंबईची. तिनं एक पाऊल आत टाकलं आणि तेच मागे घेतलं.

"रेमंड, आत काही मेलंय का?"

रेमंडनं डोकं घातलं. "भावजी, हा वास कसला?"

"मोगरा!"

"मोगऱ्याच्या खालचा?"

बस्त्यावनं वाकून एकदाच हुंगलं. "बोंबील," तो म्हणाला. "ओलेच राहिलेत."

आणि मग त्या टापटिपीच्या माणसानं रस्त्यावरून जाणारा टांगा थांबवला! नवरा-नवरी टांग्यात मागे, आणि पुढे टांगेवाल्याशेजारी, कोट सावरत, बस्त्याव! बँडही टांग्यापुढे जाऊन उभा राहिला. मला रडू यायचं बाकी होतं.

"मोटार रिकामी कशी न्यायची?" रेमंड टांग्यातून ओरडला. "भावजी, पुढे बसायचं होतं ना? बसा!"

बसलो. नवीन कोट घालून, ऐन पुढच्या सीटवर. मागून वऱ्हाडी म्हणून मांजरं येत होती. काही वेळानं ड्रायव्हरनं खोल श्वास घेतला आणि हळूच विचारलं, "दादा, थोडे उरलेत का हो?"

मी समोरच्या टांग्याकडे बघत जळत होतो. मोटारीत बसून टांग्याचा हेवा करणारा माणूस वसईत माझ्याआधी कुणी झाला नसेल!