बिनवायरची डबी

अख्खा कारखाना त्यांना धोटाभाऊ म्हणायचा. मागावरचा धोटा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, तसे भाऊ जन्मभर दोन मागांच्या मधे धावले. त्या खडखडाटात मला माणसाचा आवाज ऐकू येतो म्हणणारा पक्का थापाड्या समजावा. तिथं सगळे ओठांनीच बोलतात. मालक आलाय इथपासून तुझ्या सासूनं काल काय तमाशा केला इथपर्यंत सगळं, आवाज न काढता. भाऊंची बायको तिथंच धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. दोघांचं जमलं तेही एकमेकांचे ओठ वाचता वाचता.

घरातही तीच सवय. बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून. लेकही तशीच वाढली. त्यामुळे भाऊंचे कान कधी गेले ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खुद्द भाऊंच्याही नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा परगावी गाणं शिकवणाऱ्या लेकीनं त्यांना एक डबी पाठवली. मुठीत मावेल एवढी, वायरबियर काही नाही, बटण दाबलं की गाणं. तिनं स्वतः बांधलेली पहिलीच चाल त्यात भरली होती. फोनवर तोंड दाखवून म्हणाली, "बाबा, मी लहानपणी गायचे तेव्हा तुम्ही पाळीवर असायचा. आता निवांत ऐका, आणि कशी झालीय ते खरं सांगा." भाऊंची छाती फुगली. मागाचं सोडून दुसऱ्या कशाबद्दल त्यांचं मत आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

डबी लावली. दिवा लागला, बाकी शुकशुकाट. भाऊंनी ती कानाला लावली, हलवली, थोपटली. आवाजाचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मग आजकालच्या मालाला शिव्या घालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, की ही दुरुस्त कर. दुकानदारानं डबी लावली आणि मान डोलवायला लागला. डबी ठणठणीत आहे म्हणाला. आवाज शेवटापर्यंत चढवलेलाच आहे, त्यापुढे जात नाही. माणसाच्या कानांना इजा होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनीच तिथं कुलूप घातलंय. मोठ्या स्पीकरला जोडावी म्हटलं तर वायर खुपसायला भोकच नाही.

एवढं सांगून तो फडताळाकडे वळला. भाऊ त्याच्या पाठीकडे बघत उभे. मागच्या गिऱ्हाइकानं त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवलं, तेव्हा कळलं की तो बिचारा केव्हाचा बाजूला व्हा म्हणत होता. बिघाड डबीत नव्हताच. भाऊंनी ती उचलली आणि निघाले. वाटेनं स्वतःशीच बडबडत आले. अरे, कानांची एवढी काळजी होती तर तेव्हा मागांना घालायचं होतं कुलूप! आता काय राखण करताय, रिकाम्या घराची?

घरी येऊन त्यांनी बायकोला समोर बसवलं. "तू ऐक, आणि मला ओठांनी सांग."

ती ऐकू लागली. डोळे भरून आले तिचे. पण ओठ काही हलेनात.

"अगं, शब्द काय आहेत?"

"शब्द नाहीत हो त्यात. नुसती गुणगुणलीय पोरगी."

मग तिनंच जमेल तसं गुणगुणून दाखवलं. पण गुणगुणताना ओठ मिटलेले असतात. भाऊ त्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिले. उभ्या संसारात या बाईचं त्यांना कळलं नाही असं हे पहिलंच.

शेवटी त्यांनी डबीवर तळहात ठेवला. मागाचं काही बिनसलं तर ते हात लावून सांगायचे. हाताला ठोका लागला. खटाक-खट, खटाक-खट. लेकीनं चाल बापाच्या मागाच्या ठेक्यावर बांधली होती. भाऊंना तेवढाच पोचला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. फार गोड झालीय, असं भाऊ म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला की खरं सांगायची सोयच उरली नाही. मग आणखी एक ऐका म्हणून डोळे मिटून ती नवीन काहीतरी गुणगुणू लागली. भाऊ हसून मान डोलवत राहिले.

बायकोनं त्यांचा गुडघा दाबला. लेक केव्हाच थांबली होती, डोळे उघडून गप्प बघत होती, आणि भाऊंची मान डोलतच होती.