धनसिंगच्या पेटीवरची टकटक

मधमाश्या पाळायला शिकवणाऱ्याकडे मधापेक्षा किस्सेच जास्त साठतात. पांढरकवड्याच्या आसपास मी नवशिक्यांचे वर्ग घेतो, त्यामुळे माझ्याकडे तर ढीगच! पण काही किस्से हसत सुरू होतात आणि मग अंगावर काटा येतो.

पांढरा सूट आणि जाळीची टोपी घातली की सगळे सारखेच. एकदा एका शेतकऱ्याची बायको डबा घेऊन आली आणि नवरा समजून मलाच झापायला लागली. "घरचं काम सोडून इथं माश्या मारून राह्यले!" माश्यांच्या पेटीजवळ बोलायचं नाही हा माझाच नियम. गुपचूप ऐकून घेतलं. डबाही मीच खाल्ला!

माझ्या वर्गातला धनसिंग तांड्यावरचा. पेटी उघडण्याआधी झाकणावर दोनदा टकटक करायचा. मी ओरडायचो, "माश्या चिडतात रे!" तो म्हणायचा, "सर, कोनाच्या घरात शिरतानी कडी वाजवाव का नाई?" त्याला कधी माशी चावली नाही. तापानं गेला बिचारा. फार लागलं मनाला.

मग त्याच्या पेटीतल्या माश्या कोणाला जवळ येऊ देईनात. वर भर दुपारी तिकडून टकटक ऐकू यायची. "सुतार पक्षी असेल," मी म्हणालो. वर्गातला एक जण हळूच म्हणाला, "सर, तिथं झाड कुठी हाय?"

पुढे धनसिंगची बायको कमलीबाई शिकायला आली. लकव्यानं तिचा उजवा हात गेलेला. तिच्यासाठी पेटी कमरेइतक्या उंच लाकडी घोडीवर ठेवली, एका हातानं चौकट उचलता येईल अशी पकड करून घेतली. पण माश्या शांत करणाऱ्या धुराचा भाता दाबायला दुसरा माणूस हवाच. दीर म्हणाला, "इच्यानं माह्यासमोर उघडली नाई, त पेटी दुसऱ्याले देऊन टाकतो."

"त्यायची तेवढीच निशानी हाय, सर," ती म्हणाली. धूर मी देतो, असा शब्द दिला.

आणि नेमकी पेटी उघडायच्या दिवशीच माझी गाडी पंक्चर! तांड्यावर पोचलो तर पेटी उघडून, तपासून, बंदही झालेली. दीर खाली मान घालून म्हणाला, "पेटी वहिनीचीच."

कमलीबाई खुशीत होती. "आले का सर! चहा थंडा झाला, कुठी गेलते?"

"शाबास! पण धूर कोणी दिला?"

"मस्करी करता का? तुमीच त होते बाजूले, जाळी घालून."

मी गाडीची डिकी उघडली. माझा सूट घडी घातलेला तसाच होता.

"पन एक सांगा," ती म्हणाली, "आमाले नाई म्हनता, आन् आज तुमीच काहून झाकनावर टकटक केली?"